वगळलेलं वाक्य

आवरे, ता. उरण
१२ सप्टेंबर २०२४

उभारे सर,
नमस्कार करते.

मी सत्यवती घरत. लग्नाआधीची सत्यवती म्हात्रे, पंच्याऐंशीच्या दहावीच्या वर्गातली. तुम्ही माणगावहून नवीन आला होता आणि आमचं बोलणं तुम्हाला अर्धं कळायचं नाही. इंग्रजीत मी चार मार्कांनी गेले आणि त्याच वर्षी माझं लग्न झालं. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या मेळाव्यात तुम्ही भेटलात. फोन करू नका, मला ऐकू येत नाही, पत्र लिहा, असं म्हणून तुम्ही पत्ता दिलात. सगळे हसले. मी पत्ता जपून ठेवला.

सर, माझा मुलगा प्रणय गेला. जानेवारीत, अठरा तारखेला. आधी न्हावा शेवाला बंदरात क्रेन चालवायचा, मग आयर्लंडमध्ये कॉर्क म्हणून गाव आहे तिथे तेच काम मिळालं म्हणून गेला. तिथेच डोक्यात रक्तस्राव झाला. चौतीस वर्षांचा होता. माझा पासपोर्टसुद्धा नव्हता. शेवटचं सगळं दिराच्या घरात बसून फोनवर पाहिलं. त्याचे वडील आधीच गेलेले. आता घरात मी एकटी. या वर्षी गणपतीही आणला नाही.

त्याची बायको मारिसेल. मूळची फिलिपिन्सची, तिथे कॉर्कला नर्स आहे. सहा वर्षांची मुलगी आहे, लीना. हे लग्न मला मान्य नव्हतं. सात वर्षं मी त्या मुलीशी एक शब्द बोलले नाही. प्रणय फोनवर म्हणायचा, "आये, एकदा बोल तिच्याशी. ती काय तुला खानार न्हाय." मी म्हणायचे, "मना विंग्रजी येत न्हाय." हेच कारण सांगायचे. खरं कारण ते नव्हतं.

गेल्या आठवड्यात प्रणयचा मित्र दिपेश तिकडून सुट्टीवर आला, त्याच्याबरोबर मारिसेलने एक पिशवी पाठवली. प्रणयचे दोन शर्ट, चष्मा, लीनाने काढलेलं एक चित्र आणि इंग्रजीत हाताने लिहिलेलं पत्र. दिपेशकडून वाचून घेतलं असतं, पण मग घरातली गोष्ट गावात गेली असती. पत्राची झेरॉक्स सोबत जोडली आहे.

ती मला "मामा" लिहिते. आधी वाटलं चुकली, मग कळलं तिकडे आईला म्हणतात.

फोनमध्ये घालून अर्थ काढला मी. पण फोन शब्द सांगतो, ते कसे म्हटलेत ते सांगत नाही. "तुम्हाला नको असेल तर आम्ही समजू शकतो" असं एक वाक्य निघालं. हा टोमणा आहे ना? सात वर्षं आम्ही नकोच होतो, असं सुनावतेय ना? आपल्या भाषेत लिहिलं असतं तर पहिल्या ओळीत कळलं असतं राग आहे की माया. तेवढं मला सांगा.

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून,
सत्यवती


माणगाव
१८ सप्टेंबर २०२४

प्रिय सत्यवती,

तुझं पत्र वाचलं. मुलगा गेलेल्या आईला काय लिहावं हे मला सुचत नाही, म्हणून तू जे विचारलं आहेस तेवढंच सांगतो. मास्तर माणसाला ते सोपं जातं.

टोमणा नाही. उलट आहे.

आपण कोणाला बोलावतो तेव्हा हात धरतो. यायचंच, नाही आलात तर बोलणार नाही, असं म्हणतो. इंग्रजीत माणूस जितका आसुसलेला असतो तितका तो दोन पावलं मागे उभा राहून विचारतो. मारिसेलने लिहिलं आहे, "आय वुड लव्ह टु ब्रिंग लीना टु यू इन डिसेंबर, इफ इट्स नॉट टू मच ट्रबल." म्हणजे लीनाला घेऊन यायची फार इच्छा आहे, तुम्हाला त्रास होणार नसेल तर. आणि त्यापुढे तुला बोचलेलं ते वाक्य, "वुई विल अंडरस्टँड इफ यू वुड रादर नॉट." तिने तुझ्यासाठी दार उघडं ठेवलं आहे, नाही म्हणायला तुला जड जाऊ नये म्हणून. शेवटी "नो प्रेशर" लिहिलं आहे. ज्याला काहीच वाटत नाही तो हे लिहीत नाही. सगळं ओझं ज्याच्या मनावर असतं तोच समोरच्याला सांगतो की तुझ्यावर नाही.

सुरुवातीला आहे, "आय होप धिस फाइंड्स यू वेल." हे पत्र तुम्हाला शोधत येईल तेव्हा तुम्ही बऱ्या असा. हे सगळेच लिहितात. पण पुढचं सगळे लिहीत नाहीत: "आय कुडन्ट फाइंड द वर्ड्स." शब्द सापडत नव्हते. आठ महिने तिला ते सापडत नव्हते, सत्यवती. तुलाही नव्हतेच.

बाकीच्या साध्या वाक्यांचा अर्थ कागदाच्या मागे लिहिला आहे. माझा सल्ला विचारशील तर, ये म्हणून लिही. दोन शब्द पुरे. "प्लीज कम."

माझं ठीक. रुचिकाची आई जाऊन चार वर्षं झाली. रुचिका पुण्यात एका कंपनीत आहे. माझ्या कानांमुळे आम्ही फोनवर बोलत नाही, मेसेज लिहितो. ती रोज लिहिते, "टेक केअर, बाबा." मी लिहितो, "आय अ‍ॅम फाइन." सवय झाली आहे.

तुझा सर,
दत्तात्रेय उभारे


आवरे
२५ सप्टेंबर २०२४

उभारे सर,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, मग बरं वाटलं. मग तिचं पत्र घेऊन बसले आणि तुम्ही लिहिलेलं एकेक वाक्य त्यात शोधलं. सर, तिच्या पत्रात अकरा वाक्यं आहेत. तुम्ही दहांचा अर्थ दिलात.

मधलं एक तुम्ही सोडलंत. त्यात "समवन" आहे आणि "थर्सडे" आहे. एवढं मला वाचता येतं. समवन, नोवन, एव्हरीवन, हे तुम्हीच फळ्यावर लिहिलं होतं. फोन म्हणतो, "मी कोणालातरी पाहत आहे." कोणाला पाहतेय ती?

विसरून राहिलं असं लिहू नका. तुम्ही आमच्या वहीतला एक काना सोडला नव्हता कधी.

तुम्ही माझ्यापासून लपवलंत म्हणून मी माझं लपवलेलं सांगते. मला ती सून का नको होती? जात, धर्म, परका देश, हे सगळं मी लोकांना सांगितलं आणि लोकांना पटलं. खरं असं झालं की लग्नाच्याही आधी, प्रणय एकदा फोनवर म्हणाला, "आये, हिच्या हातचा कालवन डिट्टो तुझ्यासारखा लागतो. हीपन भात-मावराच खाते." तीही भात-मासेच खाते, हे तो किती खुशीत सांगत होता. मी फोन ठेवून दिला. माझ्याकडे त्याला द्यायला तेवढंच होतं सर, आणि तेही त्याला तिथे मिळालं होतं.

हे आजवर मी कोणाला बोलले नाही. आता तुम्ही ते वाक्य सांगा.

सत्यवती


माणगाव
१ ऑक्टोबर २०२४

प्रिय सत्यवती,

मी ते वाक्य मुद्दाम सोडलं. तू मोजशील असं वाटलं नव्हतं.

वाक्य असं आहे: "आय हॅव बीन सीइंग समवन सिन्स द समर, ऑन थर्सडेज, अँड इट हेल्प्स." सीइंग म्हणजे इथे पाहणं नव्हे. इंग्रजीत अशा वाक्याचा एक ठरलेला अर्थ असतो: तिच्या आयुष्यात कोणीतरी आलं आहे. उन्हाळ्यापासून ती कोणाला तरी भेटते आहे आणि तिला त्याचा आधार वाटतो.

मी पुस्तकावरून सांगत नाही. हे वाक्य माझ्या घरातही आलं आहे. जूनमध्ये रुचिकाने मला लिहिलं, "बाबा, आय अ‍ॅम सीइंग समवन." चौतिसाव्या वर्षी मुलीचं जमतंय हे कळल्यावर मला किती आनंद झाला काय सांगू. मी खोदून विचारलं नाही. योग्य वेळी ती त्याला घेऊन येईल.

तुला हे कळवायला माझा हात धजला नाही, कारण सहा महिन्यांत हे, असं तुझ्या मनात येणार. येऊ दे. पण एक विचार कर. ती तरुण आहे, परक्या देशात एकटी आहे आणि तुझ्यापासून तिने ते लपवलेलं नाही. ती तुला आई मानते म्हणूनच लिहिलं असेल. रागाच्या भरात काही करू नकोस. उत्तर लिहिलंस तर आधी मला दाखव.

तुझा सर,
दत्तात्रेय उभारे


आवरे
९ ऑक्टोबर २०२४

सर,

उत्तर मी दिलं. तुम्हाला दाखवायचं राहिलं.

दिपेशकडून तिचा नंबर घेतला, मराठीत लिहिलं आणि फोनने इंग्रजी केलं ते पाठवलं. काय लिहिलं ते सांगते, कारण तुमच्यापासून आता लपवून काय उपयोग. "प्रणयची राख थंड झाली नाही आणि तुला दुसरा मिळाला. तुझं सुख तुला लाभो. डिसेंबरात इकडे येऊ नको. त्या माणसाची सावली माझ्या नातीवर पडलेली मला बघायची नाही."

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. "ओके, मामा. आय अंडरस्टँड. टेक केअर."

एवढंच. भांडली नाही, नाही म्हणाली नाही, काही समजावलं नाही. म्हणजे खरंच असेल. खोटं असतं तर माणूस उसळतं.

भाताची कापणी तोंडावर आली आहे. दिराचं शेत आहे, मीही जाते. काम असलं की दिवस जातो. तुम्ही पुष्कळ त्रास घेतलात. आता पत्र नाही पाठवलंत तरी चालेल.

सत्यवती


माणगाव
५ नोव्हेंबर २०२४

सत्यवती,

हे पत्र फाडून टाकायच्या आधी शेवटपर्यंत वाच, एवढी विनंती करतो.

मी चुकलो. माझ्या चुकीने तुझ्या घरात काय झालं ते मी आठ दिवस उराशी घेऊन बसलो आहे. दिवाळीचे दिवे तसेच खोक्यात राहिले.

झालं असं. दिवाळीच्या आधी मी रुचिकाला मेसेज केला, "या वर्षी त्यालाही घेऊन ये. मी काही विचारणार नाही, फक्त जेवू एकत्र." तिचं उत्तर आलं, "कोणाला?" मी लिहिलं, "जूनमध्ये म्हणाली होतीस तो." त्यानंतर दिवसभर काही आलं नाही. संध्याकाळी हे आलं. मराठीत, आणि ती मला मराठीत कधी लिहीत नाही. जसंच्या तसं उतरवतो:

"बाबा, तो कोणी नाही. ती एक बाई आहे, साठीची, कौन्सेलर. मी दर मंगळवारी तिच्याकडे जाते. आई गेल्यापासून मला झोप येत नाही, गर्दीत श्वास अडकतो. हे मराठीत तुम्हाला सांगायची हिंमत नव्हती. सरळ लिहिलं असतं तर तुम्ही घाबरला असता, म्हणून इंग्रजीत, हळूच, कळलं तर कळू दे अशा बेताने लिहिलं. तुम्ही उत्तर दिलंत, ‘व्हेरी गुड, आय अ‍ॅम हॅपी.’ मला वाटलं, तुम्हाला कळलंय आणि याहून जास्त बोलायचं नाहीये. म्हणून मीही थांबले."

पाच महिने, सत्यवती. माझी मुलगी पाण्यात हात वर करून उभी होती आणि मी काठावरून हात हलवत होतो.

मग मी तिला मारिसेलचं वाक्य पाठवलं, कोणाचं ते न सांगता. तिने लगेच लिहिलं, "ठरलेल्या वारी, आठवड्यातून एकदा, आणि इट हेल्प्स? बाबा, प्रियकराबद्दल असं कोणी लिहितं का? हीसुद्धा कोणाकडे तरी मन मोकळं करायला जातेय. कोण गेलं हिचं?"

सदतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. गुरुवार हा शब्द त्या वाक्यात माझ्या डोळ्यांसमोर होता.

तिचं उत्तर तू लिहिलं आहेस, "ओके, मामा. आय अंडरस्टँड." त्याचा अर्थ मी सांगणार नाही. मला आता तो हक्क वाटत नाही. रुचिकाला विचारलं, ती म्हणाली, खूप दुखलं की माणूस एवढंच लिहितं.

तुझं जे नुकसान झालं ते मी भरून देऊ शकत नाही. म्हणशील तर मीच मारिसेलला पत्र लिहून सगळा दोष माझ्यावर घेतो. क्षमा मागायला मराठीत तरी माझ्याकडे शब्द असायला हवे होते. नाहीत.

दत्तात्रेय उभारे


आवरे
१८ नोव्हेंबर २०२४

उभारे सर,

पत्र फाडलं नाही. पण चार दिवस ते पुन्हा हातात धरलं नाही. ओसरीच्या कोपऱ्यात बसून कोंबड्यांना दाणे टाकताना एकटीच तुम्हाला बोलत होते, ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही.

मग राग उतरला. तुम्ही अर्थ चुकलात, पण "येऊ नको" हे तुम्ही लिहिलं नव्हतं. तुम्ही तर थांब म्हणाला होता. मला लिहायला निमित्त हवं होतं सर. सात वर्षं मी तेच वाक्य पोटात धरून होते, तिने फक्त जागा दिली.

मी फोन लावला तिला. दोनदा. उचलला नाही. तिसऱ्यांदा लावायची लाज वाटली. उचलला असता तर तरी मी काय बोलणार होते?

तुम्ही लिहू नका. मीच लिहिणार आहे. फोनने इंग्रजी करून नाही. फोनने माझं ते तोंड तिकडे नेलं, आता त्याच्यावर भरवसा नाही. मी माझ्या हाताने लिहिलंय, जे येतं तेवढ्यात. तुम्हाला पाठवते आहे.

"मारिसेल. आय वॉज राँग. आय थिंक समवन इज मॅन. सर टेल मी नाऊ. यू गो थर्सडे. गुड. गो. आय हॅव नो थर्सडे. प्रणय से युवर फिश इज लाइक माय फिश. आय वॉज अँग्री फॉर धिस. सेव्हन इयर. यू कम, लीना कम. एनी डे."

एक गोष्ट अडली आहे. करमत नाही, याला इंग्रजीत काय म्हणतात? फोन "बोअर्ड" म्हणतो. कंटाळा म्हणजे करमत नाही का? शेजारची शिवानी म्हणते "आय मिस यू" लिही. पण ते माणसाचं झालं. मला दुपारी चार वाजता काय होतं ते लिहायचंय. धुतलेली भांडी पुन्हा धुते मी. रस्त्यावर कंटेनरच्या गाड्यांचा आवाज येतो, त्यातली एखादी थांबते की काय म्हणून दारात येते. कोणीच यायचं नसतं. त्याला काय म्हणतात?

चुका लाल शाईने दाखवून पाठवा.

सत्यवती


पुणे
१ डिसेंबर २०२४

प्रिय सत्यवती,

हे पत्र पुण्याहून लिहितो आहे. तुझं पाकीट निघायच्या आदल्या दिवशी मिळालं, बरोबर घेऊनच आलो.

आधी तुझं काम. करमत नाही, याला इंग्रजीत शब्द नाही. मी रात्रीतून कोश धुंडाळला असं समज, पण खरं तर धुंडाळायची गरज नव्हती, नाही हे मला ठाऊक होतं. जो शब्द नाही तो सोडून दे, आणि मला जे लिहिलंस तेच तिला लिही. चार वाजता धुतलेली भांडी धुते. एवढं इंग्रजी तुला येतं.

लाल शाई वापरलेली नाही. व्याकरणाच्या सहा-सात चुका आहेत, त्या राहू देत. "आय हॅव नो थर्सडे" हे वाक्य मी रुचिकाला दाखवलं. ती उठून गॅलरीत गेली आणि बराच वेळ आली नाही. मला आयुष्यभर इंग्रजी शिकवूनही असं वाक्य जमलं नसतं. पत्र जसंच्या तसं पाठव.

आता माझं. मी येतो म्हणून लिहिलं तेव्हा रुचिकाचं उत्तर आलं, "नका येऊ बाबा, आय अ‍ॅम फाइन." हे वाक्य मीच तिला रोज पाठवत आलो, तेव्हा त्याचा अर्थ मला कळायला हवाच. मी एसटीत बसलो.

ती खूप बारीक झाली आहे. दोन खोल्यांच्या घरात एकाच खोलीत दिवा लावते. पहिले दोन दिवस आम्ही भाजी, पाणी, माझ्या कानाचं यंत्र एवढंच बोललो. मंगळवारी मी तिच्याबरोबर त्या बाईंच्या दवाखान्यापर्यंत गेलो आणि बाहेर बाकावर बसलो. ती बाहेर आली तेव्हा तिने मला विचारलं, "बाबा, आईची तुम्हाला आठवण येते का?" चार वर्षांत हा प्रश्न आमच्या घरात कोणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "मला ऐकू आलं नाही." ऐकू आलं होतं. मग चार पावलं चालून गेल्यावर मी थांबलो आणि सांगितलं. तिथेच, रिक्षांच्या गोंगाटात. मी किती मोठ्याने बोललो कोणास ठाऊक, माणसं बघत होती.

महिनाभर इथेच आहे. पत्ता मागे लिहिला आहे. मारिसेलचं काय झालं ते कळव. वाईट असलं तरी कळव.

तुझा,
दत्तात्रेय उभारे


आवरे
२० जानेवारी २०२५

उभारे सर,

उशिरा लिहिते आहे, कारण सांगण्यासारखं काही घडत नव्हतं.

पत्र पोस्टाने पाठवलं, भांड्यांचंही लिहिलं. डिसेंबर उजाडला, अर्धा झाला, नाताळ झाला. काही नाही. मी ओसरी सारवून ठेवली होती, आतल्या खोलीत नवीन चादर घातली होती, कारण माणसाचं मन मूर्ख असतं. एकतीस तारखेला चादर काढून घडी करून ठेवली.

पाच जानेवारीला तिचा मेसेज आला. बेताचा, सोप्या इंग्रजीत, मला समजावं म्हणून सोपा लिहिलेला. पत्र मिळालं. तिकिटं तिने ऑक्टोबरातच रद्द केली होती. सुट्टी दुसऱ्या नर्सला देऊन टाकली. या वर्षी आता जमणार नाही. पुढचं माहीत नाही. रागावले नाही असं तिने लिहिलेलं नाही, सर. मी शोधलं. ते बरं केलं तिने.

परवा प्रणयला वर्ष झालं. श्राद्ध केलं, माणसं जेवून गेली, आवडाबाई, माझी जाऊ, भांडी घासून गेली. काल रविवारी दुपारी मी एकटीच ओट्यावर सुका जवळा निवडत बसले होते आणि फोन वाजला. व्हिडिओ होता. मारिसेल.

"मामा," ती म्हणाली. "मारिसेल," मी म्हटलं. मग दोघींचंही संपलं. तिला वाटत असेल मी बोलेन, मला वाटलं ती बोलेल. तिच्या मागे स्वयंपाकघर होतं, खिडकीबाहेर पाऊस पडत होता. मी फोन भिंतीला टेकवून ठेवला, कारण हात दुखायला लागला. तिने पण तिचा कशालातरी टेकवला. मी जवळा निवडायला लागले. काय करणार? ती बघत राहिली. मग ती उठली आणि धुतलेल्या कपड्यांची टोपली घेऊन आली, घड्या घालायला लागली. छोटे मोजे, फ्रॉक, तिचे पांढरे कामाचे कपडे. मधेच प्रणयचा एक निळा शर्ट निघाला. तो अजून धुतात त्या. तिने तो हातात धरला आणि खाली बसली, मला दिसेनाशी झाली. नुसता आवाज येत होता.

 मी फोन बंद केला नाही. तिनेही केला नाही. बऱ्याच वेळाने ती उठली, तोंड धुतलं आणि राहिलेल्या घड्या घातल्या. माझा सुपातला जवळा निवडून झाला होता तरी मी पुन्हा पहिल्यापासून निवडत बसले. पाऊण तास गेला असेल सर, दोघी मिळून चार शब्द बोललो नसू.

शेवटी लीना आली. प्रणयचे डोळे आहेत तिला. अगदी फोनच्या जवळ तोंड आणून तिने मला काहीतरी विचारलं. भराभर, तिकडच्या सुरात. मला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. मी मारिसेलकडे बघितलं. तिने सोपं करून सांगितलं नाही, माझं तोंड बघत राहिली.

मी म्हटलं, "येस."

पोरीने टाळ्या वाजवल्या आणि ओरडत आत पळाली. मारिसेल हसली. थोडंच, पण हसली. मग हात हलवला आणि फोन बंद झाला. घर पुन्हा होतं तेवढं गप्प झालं, गाड्या जात होत्या.

मी कशाला हो म्हटलं ते मला माहीत नाही. येणाऱ्या रविवारी फोन आला तर ती पोर विचारणार, आजी केलंस का, दिलंस का, कधी येतेस, काय असेल ते. मी काल संध्याकाळपासून त्याचाच विचार करतेय. आज सकाळी उरणला जाऊन पासपोर्टचा फॉर्म कुठे मिळतो ते विचारून आले. तेही असू शकेल ना?

रुचिकाला माझा आशीर्वाद सांगा. ओळख नाही, तरी सांगा.

सत्यवती